कुलूप उघडायला शिकवावे का?

संगणक-सुरक्षा हा विषय विद्यार्थ्यांना शिकवताना एक शंका हमखास निघते. कुलूप कसे उघडते हे सांगितले, तर आपण चोरच घडवणार नाही ना? आम्हाला वाटते, १९८८ ते १९९२ या काळातील अमेरिकेतील काही घटना या शंकेचे बऱ्यापैकी उत्तर देतात.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटला जोडलेले अनेक संगणक एकाएकी मंदावले. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक आज्ञावली सोडली होती. ती एका यंत्रातून दुसऱ्यात शिरे आणि तेथे स्वतःची नवी प्रत चालू करी. टपाल हाताळणाऱ्या आज्ञावलीत चाचणीसाठी ठेवलेली वाट काही ठिकाणी उघडीच राहिली होती. तीतून ती आत जाई. परवलीचे शब्द ओळखण्यासाठी तिच्यापाशी ४३२ शब्दांची यादी होती. तिने फाइली पुसल्या नाहीत, पण एकेका यंत्रावर प्रतींची एवढी गर्दी झाली की नेहमीचे काम अशक्य झाले. १९९० मध्ये मॉरिसला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली.

त्या वेळी पर्ड्यू विद्यापीठात युजीन स्पॅफर्ड शिकवत होते. त्यांनी या आज्ञावलीची चिरफाड करून तिच्या वाटा जाहीरपणे मांडल्या. विद्यार्थ्यांपासूनही त्यांनी त्रुटी लपवल्या नाहीत. उलट त्या शोधण्याचेच काम दिले. डॅन फार्मर या विद्यार्थ्याने त्यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कॉप्स’ हा तपासनीस तयार केला. त्यावरील दोघांचा निबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणालाही बदलता येईल अशी महत्त्वाची फाइल, सहज ओळखता येणारा परवलीचा शब्द, असे दोष ‘कॉप्स’ हुडकी. मात्र सापडलेल्या दोषाचा तो फायदा घेत नसे, की त्याला हातही लावत नसे. यादी व्यवस्थापकापुढे ठेवली की त्याचे काम संपे.

१९९२ मध्ये जीन किम या विद्यार्थ्याने स्पॅफर्ड यांच्यासह ‘ट्रिपवायर’ रचली. ती प्रत्येक महत्त्वाच्या फाइलवरून गणिताने एक छोटी खूण काढून जपून ठेवते. पुढे पुन्हा खूण काढून जुनीशी ताडून पाहते. जुळली नाही, तर फाइल बदलली आहे हे कळते.

कॉर्नेलमधील आणि पर्ड्यूमधील विद्यार्थ्यांचे ज्ञान एकाच जातीचे होते. मॉरिस स्वतः पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. म्हणून ज्ञान दडवण्यापेक्षा ते कोणत्या कामाला लावायचे हे शिक्षकाने ठरवावे, असे आमचे मत आहे. दोष शोधावा, परवानगीने शोधावा आणि ज्याचे घर त्याला कळवावा, ही शिस्त कामातूनच अंगी बाणते.

वर्गात याची सुरुवात फळ्यावरही होऊ शकते. दहा अंकांची ओळ लिहून त्यांची बेरीज बाजूला मांडावी. एक अंक बदलला की बेरीज चुकते. हीच आपली खूण. आता विचारावे, खूण न बिघडवता ओळ बदलता येईल का? दोन अंकांची अदलाबदल केली की झाले, हे मुले शोधून काढतील. मग त्यांनाच ही पळवाट बुजवायला सांगावे. प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाच्या क्रमांकाने गुणून बेरीज केली, तर भिन्न अंकांची अशी अदलाबदल लगेच उघडी पडते. या नव्या खुणेलाही पळवाटा आहेतच. त्या शोधणे हा पुढच्या तासाचा गृहपाठ.