खून, कुलूप आणि लीड्सची एक कंपनी

तर झालं असं, की ऑनसाइटला लीड्समध्ये असताना एका शनिवारी टीममधल्या मंडळींनी मला एस्केप रूमला ओढून नेलं. आम्ही चौघं, एक बंद खोली, एक खून आणि ६० मिनिटं. लेव्हल 'नवशिक्यांसाठी'. मी मनात म्हटलं, आठवडाभर दुसऱ्यांचे बग शोधतो, एक खुनी शोधायला काय लागतंय!

लागलं. पुस्तकामागे मला एक छोटी किल्ली सापडली. "आधी नीट बघू, मग सांगू" म्हणून ती मी खिशात टाकली आणि गप्प बसलो. बाकीचे तिघं ज्या पेटीशी झटत होते तिचीच ती किल्ली! बारा मिनिटं वाया. खुनी सापडला, पण घड्याळ संपून गेल्यावर.

घरी आल्यावर हा प्रकार आला कुठून म्हणून वाचायला बसलो, तर धागा परत लीड्सलाच येऊन पोचला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या घरी आणि हॉटेलांत लुटुपुटूच्या खुनाचे खेळ रंगायचे. नायो मार्शची १९३४ची पहिली कादंबरी अशाच एका खेळावर बेतलेली आहे. अँथनी प्रॅट हा हॉटेलांत पियानो वाजवणारा माणूस हे सगळं बघत असे. मग युद्ध आलं. प्रॅट बर्मिंगहॅममध्ये रणगाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. रात्री ब्लॅकआउट, पार्ट्या बंद. तेव्हा त्याने घरबसल्या खेळायचा खून तयार केला. पट काढला त्याच्या बायकोने, एल्व्हाने. १९४४ मध्ये पेटंटचा अर्ज, १९४७ मध्ये पेटंट, आणि युद्धानंतरच्या टंचाईमुळे खेळ बाजारात यायला १९४९ उजाडलं. हाच तो क्लूडो! सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या, म्हणजे एकूण ३२४ शक्यता. एकेक खोडत जायचं. आपलं डीबगिंग दुसरं काय असतं?

क्लूडो छापला लीड्सच्या वॉडिंग्टन्सने. गंमत पुढेच आहे. युद्धाच्या काळात हीच कंपनी ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी रेशमी कापडावर नकाशे छापत होती. कागद चुरचुरतो, भिजला की जातो. रेशीम घडी घालून कुठेही दडवता येतं, आवाजही करत नाही. शत्रूच्या मुलखात पडलेल्या वैमानिकांसाठी आणि युद्धकैद्यांसाठी हे नकाशे होते. पटावरच्या खेळांमध्ये लपवून ते छावण्यांत पाठवायची योजना होती. म्हणजे 'खून' आणि 'सुटका' दोन्ही एकाच कंपनीत छापले गेले. फक्त त्या सुटकेत हिंट मागायची सोय नव्हती.

आजच्या एस्केप रूमचा जन्म मात्र जपानचा. २००४ मध्ये तोशिमित्सु ताकागीचा 'क्रिमझन रूम' हा फ्लॅश गेम आला. मग २००७ मध्ये ताकाओ कातो यांनी क्योटोमध्ये खरीखुरी माणसं जमवून तसाच खेळ केला. क्लूडोत आपले पत्ते लपवायचे असतात, कारण तिथे प्रत्येक जण एकटा. खोलीत लपवलं की सगळेच अडकतात. मी खोलीत जाऊन क्लूडो खेळत होतो, एवढंच!

आणि प्रॅट? त्याने १९५३ मध्ये परदेशातले हक्क ५,००० पौंडांना विकून टाकले. तेव्हा रक्कम मोठी वाटली असणार. पुढे ब्रिटनमधल्या पेटंटची मुदतही संपली. खेळाचे कोट्यवधी संच विकले गेले, माणूस विस्मृतीत गेला. १९९६ मध्ये कंपनी त्याला शोधायला निघाली, तेव्हा कळलं की तो १९९४ मध्येच गेला. ज्याने जगाला शोध घ्यायला शिकवलं, त्याचा शोध दोन वर्षं उशिरा लागला. जॉइन होताना कॉपीराइटच्या कागदावर न वाचता केलेली सही मला त्या रात्री आठवली.

असो. पहिल्यांदा जाणार असाल तर एकच सल्ला : काहीही सापडलं की मोठ्याने ओरडा. सोमवारी ऑफिसातही चालतं.