जेमे गावच्या खापऱ्या

हिजरी सन 20च्या सुमारास मुसलमान फौजांनी इजिप्त जिंकला. पुढे तिथल्या ख्रिश्चनांचं काय झालं, हे विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. कुणी फक्त तलवार सांगतो, कुणी फक्त इन्साफ. मी दोघांनाही जेमे गावची कागदपत्रं दाखवेन.

जेमे म्हणजे आजच्या लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावरचं गाव. तिसऱ्या रामसेसच्या जुन्या मंदिराच्या आवारात लोकांची घरं होती आणि मंदिराच्याच एका चौकात चर्च होतं. तिथले सातव्या-आठव्या शतकांतले कॉप्टिक भाषेतले दस्त सापडले आहेत. घराची विक्री, वारसांची वाटणी पपायरसवर; किरकोळ देवघेव फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर. खापरी फुकट मिळे.

अशाच खापऱ्यांतून कोलोजे नावाची बाई आपल्याला भेटते. ती सावकारी करायची, तोच तिच्या घराण्याचा धंदा. कर्ज घेणारा रक्कम कबूल करी, कधी वस्तू तारण ठेवी. लिहिता येत नसेल तर दुसरा त्याच्या वतीने लिही. सूरह बकराच्या 282व्या आयतीत कर्ज लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. इथे तीच खबरदारी ख्रिश्चन शेजारी आपल्या रिवाजाने घेताना दिसतात.

आता मोठ्या दस्तांखालच्या सह्या पाहा. साक्षीदारांत चर्चचे पाद्री आणि डीकन आहेत. दस्ताची सुरुवात पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने होते आणि काही दस्तांत पुढे मुसलमान अमीराचंही नाव येतं. म्हणजे विजयानंतर शंभर वर्षांनीही तिथे चर्च चालू होतं, आणि त्याच्या पाद्र्याची साक्ष गावाच्या व्यवहारात धरली जात होती.

पण एवढ्यावर खूश होऊन थांबू नये. त्याच गावात डोईपट्टीच्या पावत्याही सापडतात. कराच्या धाकाने गाव सोडून गेलेल्यांना "परत या, तुम्हाला त्रास होणार नाही" अशी हमी देणाऱ्या चिठ्ठ्याही आहेत. 725 साली कॉप्टांनी कराविरुद्ध बंड केलं, तेही इतिहासात नोंदलेलं आहे.

आपल्या सोयीची खापरी उचलायची आणि गैरसोयीची मातीत ठेवायची, याला मी इतिहास म्हणत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनी चर्चची साक्ष वाचावी, आणि कराची पावतीही वाचावी.