बालोपयोगी वस्तू परत मागविण्याचे आदेश आणि कुटुंबाचे कायदेशीर मार्ग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

लहान मुलांसाठी वापरली जाणारी एखादी वस्तू सदोष आढळली की शासन ती बाजारातून परत मागविण्याचा आदेश काढते. वृत्तपत्रांतून त्याची बातमी येते, दुकानांतून साठा उचलला जातो आणि प्रश्न मिटला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु ज्या घरात ती वस्तू आधीच पोहोचली आणि ज्या मुलास तिच्यापासून इजा झाली, त्या घराचे पुढे काय, हा प्रश्न त्या आदेशात नसतो. मारेगावसारख्या तालुक्यात अशी बातमी पोहोचेपर्यंत औषधाची बाटली बहुधा निम्मी संपलेली असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राशी संबंधित काही घटनांच्या आधारे या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा आहे. वस्तू परत मागविणे आणि कुटुंबास न्याय मिळणे या दोन स्वतंत्र वाटा आहेत, हे त्यातून दाखविण्याचा हेतू आहे.

१९८६ : एका वर्षातील दोन घटना

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक द्रव्य होते. शासनाने न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने औषध खरेदी, रुग्णालय प्रशासन आणि अन्न व औषध प्रशासन यांतील दोषांवर कठोर ताशेरे ओढले. मात्र चौकशी आयोग शिफारशी करतो, भरपाईचा हुकूमनामा देत नाही. त्या काळी मृताच्या कुटुंबापुढे मुख्यतः १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखालील दिवाणी दावा किंवा फौजदारी खटला हेच मार्ग होते. पहिल्यात निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वादीवर, तर दुसऱ्याची सूत्रे शासनाच्या हाती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण अधिनियम संमत झाला आणि जिल्हा पातळीवर स्वस्त न्यायाची सोय झाली. तथापि लहान मूल स्वतः काही विकत घेत नाही. मग ग्राहक कोण, हा प्रश्न उरला. १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेवा घेणारे पालक आणि तिचा लाभार्थी असलेले मूल हे दोघेही ग्राहक ठरविले. मुलास साडेबारा लाख रुपये आणि पालकांना मानसिक यातनांबद्दल स्वतंत्रपणे पाच लाख रुपये मंजूर झाले. पालकांचे दुःख ही वेगळी हानी आहे, याची ही महत्त्वाची मान्यता होती.

बेबी पावडरचे प्रकरण

महाराष्ट्रात बालोपयोगी वस्तूवरील सर्वांत गाजलेली कारवाई जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरवरील होय. मार्च २०१३ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीच्या मुलुंड येथील कारखान्याचा प्रसाधन परवाना रद्द केला. कारण होते २००७ मध्ये तयार झालेल्या १५ बॅचेसचे इथिलीन ऑक्साइडने केलेले निर्जंतुकीकरण. म्हणजे पावडर बनली तेव्हा जन्मलेली बालके कारवाईच्या वेळी शाळेत जाऊ लागली होती. डबे संपले होते, पावत्या उरल्या नव्हत्या. अशा वेळी परत मागवायचे तरी काय?

दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. २०१८ मध्ये पुणे व नाशिक येथून घेतलेले नमुने सामू, म्हणजे आम्ल-अल्क प्रमाण, या निकषावर अप्रमाणित ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा, उत्पादन थांबविण्याचा व साठा परत मागविण्याचा आदेश निघाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. नव्याने तपासलेले नमुने प्रमाणित निघाले आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाचे आदेश रद्द केले. कारवाईस झालेला विलंब आणि कारवाईचे प्रमाण या दोन्हींवर न्यायालयाने बोट ठेवले.

यातून कुटुंबांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. परत मागविण्याचा आदेश हा अंतिम पुरावा नव्हे. तो पुढे टिकेलच असे नाही. आणि एका बॅचविषयीचा निष्कर्ष दुसऱ्या बॅचला आपोआप लागू होत नाही. म्हणून आपल्या घरातील डब्याचा बॅच क्रमांक हाच दाव्याचा पाया ठरतो.

२०१९ चा अधिनियम : काय बदलले

२० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील उत्पादन दायित्वाचे प्रकरण लागू झाले. उत्पादनात दोष, विहित प्रमाणापासून विचलन किंवा वापराच्या अपुऱ्या सूचना यांपैकी एखादी बाब आणि तिच्यामुळे झालेली हानी सिद्ध झाली की निर्माता जबाबदार ठरतो. अज्ञान बालकाच्या वतीने पालक आणि मृताच्या वतीने वारस तक्रार करू शकतात. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. त्यामुळे कंपनी कांचीपुरमची असली तरी मारेगावच्या पालकास यवतमाळच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते.

याहून महत्त्वाचा बदल अधिकारितेचा आहे. पूर्वी मागितलेल्या भरपाईची रक्कमही मोजली जाई. आता केवळ वस्तूसाठी मोजलेली किंमत पाहिली जाते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीस शुल्क नाही. शंभर रुपयांच्या बाटलीपायी झालेल्या कितीही मोठ्या हानीचा दावा त्यामुळे यवतमाळलाच, शुल्काविना ऐकला जाऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. मुदत दोन वर्षांची आहे. विलंबास पुरेसे कारण दाखविल्यास ती शिथिल होऊ शकते.

२०२५ : खोकल्याचे औषध

३९ वर्षांनी तेच द्रव्य पुन्हा आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील २० हून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. महाराष्ट्रातही या बॅचची विक्री व वापर थांबविण्याचा इशारा निघाला, तमिळनाडूतील उत्पादकाचा परवाना रद्द झाला, गुन्हे नोंदले गेले. मध्य प्रदेश शासनाने साहाय्य जाहीर केले. पण शासकीय साहाय्य म्हणजे उत्पादकाकडून मिळणारी भरपाई नव्हे, आणि ते स्वीकारल्याने दाव्याचा हक्क आपोआप संपत नाही.

उरलेली फट

ग्रामीण भागापुरती एक मोठी फट कायम आहे. ग्राहक कायदा मोबदला देणाऱ्यास ओळखतो. सर्वांना विनामूल्य मिळणारी सेवा त्याच्या कक्षेबाहेर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शांता प्रकरणात स्पष्ट केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातून विनामूल्य औषध घेणाऱ्या मातेपुढे त्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बिकट होतो. तिच्यासाठी दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील रिट याचिका किंवा मानवाधिकार आयोग हे मार्ग उरतात. शेवटचा मार्ग पोकळ नाही. जम्मूतील रामनगर येथे २०१९-२० मध्ये अशाच औषधाने बालके दगावली तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने प्रत्येक कुटुंबास तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली आणि २०२१ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

निष्कर्ष

परत मागविण्याचा आदेश पुढच्या मुलाचे रक्षण करतो. ज्याला इजा झाली त्याच्यासाठी कुटुंबालाच वेगळी वाट धरावी लागते. दुर्दैव असे की पहिली वाट दुसरीचा पुरावा पुसू शकते. आदेश ऐकून घाबरलेले पालक बाटली फेकून देतात किंवा दुकानदारास परत करतात आणि तिच्याबरोबर बॅच क्रमांकही जातो. वस्तूचा वापर तत्काळ थांबवावा, पण बाटली, वेष्टन, पावती, चिठ्ठी व रुग्णालयाची कागदपत्रे जपावीत. बाटली जमा करावी लागल्यास छायाचित्र व लेखी पोच घ्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६ नुसार सामान्य खरेदीदारासही विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. ही तरतूद खेड्यात फारशी कोणास ठाऊक नाही.

यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या कीटकनाशक विषबाधेत याच प्रश्नाचे दुसरे रूप पाहिले. बाधित कुटुंबांना दाद मागण्यासाठी थेट स्वित्झर्लंडच्या न्यायालयापर्यंत जावे लागले. आज निदान वस्तू विकत घेणाऱ्या कुटुंबासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दार आहे. ते दार कोठे आहे आणि जाताना हातात काय असावे, हे गावोगावच्या विद्यार्थ्यांमार्फत घराघरांत पोहोचविणे ग्रामीण महाविद्यालयांना सहज शक्य आहे.