तोफेच्या नळीपासून सिलिंडरपर्यंत

पुण्याच्या शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला हे पेठेत कुणीही सांगेल, पण मुर्तजाबाद म्हटलं की लोक चेहऱ्याकडे बघत राहतात. नावं पुसली जातात, ते एक वेळ समजू शकतं. हुनरही तसंच पुसलं जातं का, हा प्रश्न मला अब्बांच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीमुळे पडला.

वाड्यासमोरच गाडी धूर ओकत बंद पडली. मेकॅनिकनं ब्लॉक उतरवला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, बोअर गेलाय." ब्लॉक पिशवीत घालून मी नाना पेठेतल्या बोअरिंगवाल्या चाचांकडे गेलो.

चाचांनी मशिनला हातही लावला नाही. आधी नवा पिस्टन मागितला, तो मायक्रोमीटरनं मोजला. मग बोअर गेज सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना धरून बघितला. "घिसाई एकसारखी नसते, सर." वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून परत फिरतो. तिथे उष्णता जास्त आणि तेलाचा थर पातळ, म्हणून झीजही तिथेच जास्त. शिवाय पिस्टन एका भिंतीवर रेटला जातो, त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. ते पुन्हा गोल आणि सरळ करायचं म्हणजे बोअरिंग. पहिलं माप पाव मिलिमीटरनं मोठं, मग अर्धा, पाऊण, एक. त्यापुढे स्लीव्हच बदलावी लागते.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची आणखी एक खोड आहे. वारा पुढच्या पात्यांना लागतो, मागची बाजू तापलेली राहते. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या भिंतीपेक्षा जास्त फुगतो. अंतर कमी ठेवलं तर गाडी चालता चालता जाम होते, जास्त ठेवलं तर पिस्टन खडखडतो. हा सगळा हिशेब साधारण एका केसाच्या जाडीचा!

मुस्लिम कारागिरांच्या इतिहासात ही नळीची कला जुनी आहे. अल-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात झडप आणि तिची बैठक कुरुंदाच्या भुकटीनं एकमेकींवर घासून पाणी गळणार नाही अशी बसवण्याची रीत दिली आहे. १५४९ साली अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी यांनी ओतलेली मलिक-ए-मैदान आज विजापुरात आहे. पण त्या काळच्या तोफा मध्ये गाभा ठेवून ओतल्या जात. गोळा थोडा सैल बसला तरी चालायचं.

माझ्या मते याहून महत्त्वाचे फतहुल्लाह शिराजी. ते आधी विजापूरच्या आदिलशाहीत होते, १५८३ मध्ये अकबराकडे गेले. बैलानं फिरवायच्या एका चाकावर एकाच वेळी १६ बंदुकांच्या नळ्या आतून साफ करण्याचं यंत्र 'ऐन-ए-अकबरी'त वर्णिलं आहे. ग्रंथ त्याचं श्रेय बादशहाला देतो, अनेक इतिहासकार शिराजींना देतात. दरबारी लेखणीचं हे असंच असतं.

पुढे इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सन यांनी १७७४ साली तोफा कोरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनासाठी सिलिंडर कोरून दिला. वॅटची कल्पना दहा वर्षं जुनी होती, अडत होतं ते गोल भोकापाशी. वाफ फटीतून निसटत होती. म्हणजे इंजिनाचा रस्ता तोफखान्यातूनच गेला.

पुण्यात १९७२ ला लूना आली, १९८६ ला कावासाकी-बजाज. नवी गाडी शोरूममधून निघायची, झिजलेली चाचांसारख्यांच्या दारात यायची. आता तयार ब्लॉक-पिस्टनचा संच मिळतो. अनेक नव्या सिलिंडरांना आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो, तो खरवडून मोठं माप काढता येत नाही. चाचांकडे आता जुन्या गाड्याच येतात.

होनिंग करत होता त्यांचा शागीर्द. दगड फिरत होते आणि वरखालीही होत होते, भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटत होती. मी म्हटलं, आरशासारखं गुळगुळीत का नाही करत? "तेल थांबणार नाही, सर. रिंगाही बसणार नाहीत." आवाज ओळखीचा वाटला. माझ्याच वर्गातला मुलगा, नववीत शाळा सोडलेला. दशांश अपूर्णांकात कायम नापास. 'अभ्यास करा, नाहीतर गॅरेजमध्ये काळे हात करत बसाल' हे वाक्य मी त्याच्या वर्गात किती वेळा म्हटलं असेल, मोजलेलं नाही.

त्यानं पोर्टांच्या कडा बारीक घासल्या, नाहीतर रिंग अडकते म्हणाला. सिलिंडर साबणाच्या पाण्यानं धुतला, पुसला, तेल लावलं, गेज आत सोडून शंभराव्या भागापर्यंतचं माप चाचांना मोठ्यानं सांगितलं. मग ब्लॉक माझ्या हातात देत म्हणाला, "सर, पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर पळवू नका."