समान वेतन बक्षीस नाही, हक्क आहे!

चिमूरचे नाव १९४२च्या उठावासाठी घेतले जाते. पण राजकीय स्वातंत्र्य आले म्हणून समता आपोआप येत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व १९५० पासून आहे. मैदानावर ते कधी पोहोचले?

महिला क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये उभी राहिली. बीसीसीआयने २००६ मध्ये महिला क्रिकेट आपल्याकडे घेतले. समान सामना-मानधन जाहीर झाले ऑक्टोबर २०२२ मध्ये: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२०ला ३ लाख. म्हणजे संविधानानंतर ७२ वर्षांनी! तेव्हाही वार्षिक करारात पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची, महिलांची ५० लाखांची.

आणि कबड्डी? हा आपल्या पोरींचा खेळ. बॅट लागत नाही, पॅड लागत नाही. २०१२ मध्ये पाटण्यात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे. त्याच आयोजकांनी महिलांची स्पर्धा २०१६ मध्ये फक्त तीन संघांवर घेतली, पुढे चालवली नाही.

जिंकल्यावर सत्कार होतात. पण सरावाच्या दिवसांत पोटाला काय? रोवणीची मजुरी बुडवून मैदानावर येणाऱ्या मुलीला आहार, बूट, प्रवासभाडे आणि शिष्यवृत्ती जिंकण्याआधी हवी. आम्ही दया मागत नाही, हिशेब मागतो. जिल्ह्याच्या क्रीडा खर्चात मुलींचा वाटा किती? माहिती अधिकाराचा अर्ज टाकूया, सुरुवात चिमूरपासून करूया.

जय भीम!