'दीनबंधू'च्या संपादिका तानूबाई बिर्जे

दरवर्षी निकाल लागला की एखादे तरी पालक मुलीचा दाखला मागण्यासाठी शाळेत येतात. मागील वर्षी एमआयडीसीतील रोलिंग मिलमध्ये काम करणारे एक गृहस्थ आले होते. मुलगी सातवी पास झालेली, अभ्यासात हुशार. "सर, लिहिता-वाचता येतं तिला. मुलीच्या जातीला पुष्कळ झालं," असे ते म्हणाले. त्या वेळी मला समर्पक उत्तर सुचले नाही व ते दाखला घेऊन गेले. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर आपणा सर्व पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे. ते उत्तर म्हणजे तानूबाई बिर्जे यांचे चरित्र होय.

तानूबाईंचा जन्म सन १८७६ साली पुण्यात झाला. वडील देवराव ठोसर हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी व सत्यशोधक विचारांचे होते. मुलींना शाळेत घालणे हे पाप समजले जाण्याचा तो काळ. परंतु देवरावांनी आपल्या मुलीस वेताळ पेठेतील फुल्यांनी सुरू केलेल्या शाळेत घातले. पुढे १८९३ साली वासुदेवराव बिर्जे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वासुदेवराव बडोदे संस्थानात ग्रंथपाल होते. त्यांनी पुढे 'दीनबंधू' या साप्ताहिकाचे संपादकपद स्वीकारले.

'दीनबंधू' हे साधेसुधे वृत्तपत्र नव्हते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ते सुरू केले व शेतकरी, कष्टकरी यांच्या दुःखाला प्रथमच वाचा फोडली. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेले आणि गिरणी कामगारांची बाजू त्यातून मांडली. आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून लोखंडे यांनी लढा दिला व १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. आपल्या एमआयडीसीतील कामगार आज आठवड्यातून एक दिवस मुलाबाळांत बसतो, त्यामागे या लढ्याची पुण्याई आहे.

वासुदेवरावांच्या अकाली निधनानंतर हे पत्र बंद पडणार, असेच कोणालाही वाटले असते. विधवेने घराबाहेर पडू नये, हा त्या वेळचा दंडक. तानूबाईंनी मात्र संपादकाच्या खुर्चीवर बसण्याचा निर्णय घेतला व १९०८ ते १९१२ या काळात 'दीनबंधू'ची धुरा वाहिली. राजकीय व सामाजिक प्रश्नांना वाहिलेल्या वृत्तपत्राच्या पहिल्या भारतीय स्त्री संपादक म्हणून अभ्यासक त्यांचा गौरव करतात.

तो काळही किती कठीण! १९०८ साली लोकमान्य टिळकांना लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली व मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. १९१० साली इंग्रज सरकारने वृत्तपत्रांकडून जामीन मागणारा कायदा आणला. लेखणी उचलणे म्हणजे निखारा हाती धरणे होते. अशा काळात तानूबाई राजकारणावर लिहीत होत्या. मुंबई इलाख्याच्या प्रांतिक परिषदेवर त्यांनी १९१२ साली अग्रलेख लिहिला. त्या वेळी स्त्रियांना मताचा अधिकारही नव्हता. मुंबई प्रांतात तो १९२१ साली मिळाला. तो दिवस पाहण्यास तानूबाई राहिल्या नाहीत. १९१३ साली त्यांचे निधन झाले.

आता या कथेचा उगम पाहू. स्वतः जोतीरावांची शाळा लहानपणी सुटली होती. वडील गोविंदरावांनी त्यांना मळ्यातील कामास लावले होते. तेव्हा उर्दू-फारसीचे जाणकार असलेले शेजारी मुन्शी गफ्फार बेग व ख्रिस्ती गृहस्थ लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली. म्हणून १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. पुढे १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात त्यांची सहकारी म्हणून फातिमा हिचाही उल्लेख आहे. अशाच एका शाळेत देवरावांची मुलगी शिकली आणि संपादक झाली. एका मुसलमान शेजाऱ्याने एका बापाला सांगितलेले चार शब्द कोठवर पोहोचले, हे यावरून दिसते.

देवरावांनीही 'एवढे पुष्कळ झाले' म्हणून मुलीला घरी बसविले असते, तर कष्टकऱ्यांचे पत्र चालविण्यास त्या कठीण प्रसंगी कोण पुढे आले असते? आपल्या मुलीच्या शिक्षणाचा उपयोग उद्या कोणाला व कसा होईल, हे आज कोणता बाप सांगू शकेल?

मागील वर्षी ते गृहस्थ आले, तेव्हा गफ्फार बेग यांचे काम माझ्या वाट्याला आले होते. ते माझ्या हातून झाले नाही, याची खंत वाटते. परंतु हे काम एकट्या शिक्षकाचे नाही. आपल्या गल्लीत, आपल्या कारखान्यात कोणी मुलीचा दाखला काढण्याचा विचार करीत असेल, तर त्याच्याजवळ बसा व चार शब्द बोला. शाळेचे दार त्या मुलीसाठी उघडेच आहे.