वादळापूर्वीची शांत खोली : व्हिक्टर ह्यूगोचा गर्न्झीतील लेखनदिवस

प्रतिभेला वादळाची उपमा देण्याची सवय आपल्या समीक्षेत चांगलीच रुजलेली आहे. विशेषतः स्वच्छंदतावादाची चर्चा करताना 'उद्रेक', 'झंझावात', 'उत्स्फूर्तता' ही शब्दावली वर्गात आणि ग्रंथांत सारख्याच सहजतेने वावरते. लेखकाच्या मनात वादळ उठते आणि ते कागदावर उतरते, असे एक चित्र त्यातून विद्यार्थ्यांच्या मनात ठसते. हे चित्र तपासून पाहायचे असेल तर ज्याने खरोखरच वादळे लिहिली आणि ज्याला फ्रेंच स्वच्छंदतावादाचा अग्रणी मानले जाते, अशा लेखकाचा दिवस कसा जात होता हे पाहणे उद्बोधक ठरते. व्हिक्टर ह्यूगो (१८०२–१८८५) हा तो लेखक. साने गुरुजींच्या 'दुःखी'मुळे मराठी वाचकाला त्याची ओळख आहे. परंतु ती प्रामुख्याने करुणेचा लेखक म्हणून. समुद्राचा लेखक म्हणून तो आपल्याकडे फारसा वाचला गेलेला नाही.

येथे त्याच्या ज्या कादंबरीचा विचार करावयाचा आहे ती म्हणजे 'लोम की री', अर्थात 'हसणारा माणूस'. १८६६ च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स येथे तिला आरंभ झाला, मोठा भाग इंग्लिश खाडीतील गर्न्झी बेटावर लिहिला गेला, १८६८ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा ब्रुसेल्सलाच ती पूर्ण झाली आणि १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीची सुरुवात जानेवारी १६९० मधील एका हिमवादळाने होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलँड येथे काही माणसे एका लहान मुलाला किनाऱ्यावर टाकून जहाजाने पळून जातात. मुलगा बर्फातून चालत राहतो आणि जहाज बर्फातून वाहत राहते. पुढील सारे कथानक या एका रात्रीतून उगवते.

हिवाळी वादळ ही कल्पनाच मराठी वाचकाला थोडी परकी आहे. आपल्याकडे वादळवारे ज्येष्ठ-आषाढाचे. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळतो, होड्या पुन्हा खोल पाण्यात जातात आणि हिवाळा हा समुद्राच्या सौम्यपणाचा काळ असतो. इंग्लिश खाडीत याच्या उलट घडते. तेथे अटलांटिकवरून येणारी मोठी वादळे शरद आणि हिवाळ्यातील. त्यामुळे ह्यूगोच्या काळातील खलाशाच्या, कोळ्याच्या आणि बेटावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या लेखी हिवाळा म्हणजे वाट पाहण्याचा ऋतू होता.

ही वाट पाहणे त्या दशकात एका नव्या अर्थानेही चर्चेत होते. ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. डार्विनच्या सफरीतील 'बीगल'चा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय त्या वेळी ब्रिटिश हवामान विभागाचा प्रमुख होता. त्याने तारयंत्राच्या आधाराने १८६१ मध्ये बंदरांना वादळाची पूर्वसूचना देण्याची पद्धत सुरू केली. त्याच वर्षी ऑगस्टपासून 'टाइम्स'मध्ये हवामानाचे अंदाजही छापून येऊ लागले. अंदाज चुकले की थट्टा होई. १८६५ च्या एप्रिलमध्ये फिट्झरॉयने आत्महत्या केली, आणि या सूचना शास्त्रीय पायावर उभ्या नाहीत असे ठरवून १८६६ च्या डिसेंबरमध्ये त्या बंद करण्यात आल्या. खलाशी आणि बंदरांकडून मागणी झाल्यावर पुढील वर्षी त्या पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे ह्यूगो आपले हिमवादळ लिहीत होता तो काळ आणि वादळ आधी ओळखता येते काय, या प्रश्नावर इंग्लंडमध्ये वाद रंगला होता तो काळ एकच आहे. यातून थेट प्रभावाचा निष्कर्ष काढण्याची गरज नाही. परंतु कादंबरीतील जहाजावर आकाश वाचणारा एक वृद्ध डॉक्टर का उभा आहे, हे समजण्यास ही पार्श्वभूमी उपयोगी पडते.

ह्यूगो गर्न्झीला आला तो निर्वासित म्हणून. २ डिसेंबर १८५१ रोजी लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली. तिला विरोध केल्यामुळे ह्यूगोला देश सोडावा लागला. ब्रुसेल्स, मग जर्सी, आणि जर्सीतून हकालपट्टी झाल्यावर ऑक्टोबर १८५५ मध्ये गर्न्झी. पुढल्याच वर्षी 'ले कोंतांप्लासियों' या काव्यसंग्रहाच्या उत्पन्नातून त्याने सेंट पीटर पोर्ट येथील ओतव्हिल हाऊस विकत घेतले. १८६१-६२ च्या सुमारास घराच्या माथ्यावर त्याने काचेची एक खोली बांधून घेतली आणि तिला 'लुक-आउट' हे इंग्रजी नाव दिले. बाजूंना काच आणि डोक्यावरही काच. समोर हर्म आणि सार्क ही बेटे, आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी क्षितिजावर फ्रान्सचा किनारा. उन्हाळ्यात तापणारी आणि हिवाळ्यात गारठणारी ही जागा सुखसोयीची मुळीच नव्हती. शेजारच्या लहान खोलीत एक अरुंद पलंग होता.

येथील दिनक्रम चरित्रकारांनी तपशीलवार नोंदवला आहे. पहाटे उठणे, कॉफी, कच्ची अंडी, आणि मग भिंतीला जोडलेल्या फळीवर कागद ठेवून उभ्याने लेखन. हे साधारण अकरापर्यंत चाले. नंतर गच्चीवर रात्रभर ठेवलेल्या गार पाण्याने स्नान आणि अंग खसखसून घासणे. दुपारी भोजन, पाहुणे, मग समुद्रकाठी लांब फेरफटका; जवळच राहणाऱ्या जुलिएत द्रुएकडे भेट; संध्याकाळी पत्रे आणि गप्पा. रात्री सुचलेले टिपून ठेवण्यासाठी कागद उशाशी. दर उन्हाळ्यात तो बहुधा युरोपच्या मुख्य भूमीवर प्रवासाला जाई. त्यामुळे बेटावरचा हिवाळा हाच त्याच्या सलग लेखनाचा हंगाम असे.

या दिनक्रमात उद्रेकाला जागा कोठे आहे? वारा काचेवर आदळत असला तरी फळीवरचे काम ठरल्या वेळी सुरू होते आणि ठरल्या वेळी थांबते. त्याची हस्तलिखिते पाहिली तर ही शिस्त पानावरही दिसते. ह्यूगो कागदाच्या उजव्या अर्ध्या भागात लिहीत असे आणि डावा अर्धा भाग पुढे सुचेल त्यासाठी कोरा ठेवत असे. जो भाग अजून सुचलेला नाही त्याच्यासाठी आधीच जागा राखून ठेवणे, ही उत्स्फूर्ततेची रीत म्हणता येणार नाही. ही वाट पाहण्याची रीत आहे, आणि ती अत्यंत पद्धतशीर आहे.

वाट पाहण्याचा आणखी एक अर्थ या खोलीत होता. 'विल्यम शेक्सपिअर' (१८६४) या ग्रंथात ह्यूगोने जर्सीतील आरंभीच्या दिवसांचा एक संवाद दिला आहे. हा वनवास कसा घालवणार, असे मुलगा विचारतो, तेव्हा आपण समुद्राकडे पाहत राहू, असे बाप सांगतो; मुलगा शेक्सपिअरचे भाषांतर करण्याचे ठरवतो, आणि फ्रांस्वा-व्हिक्टरने ते पुढे केलेही. १८५९ मध्ये सम्राटाने निर्वासितांना माफी जाहीर केली. ह्यूगोने ती नाकारली. फ्रान्समध्ये स्वातंत्र्य परतेल तेव्हाच आपण परतू, अशी त्याची भूमिका होती. सप्टेंबर १८७० मध्ये साम्राज्य कोसळेपर्यंत ती त्याने सोडली नाही. समुद्राकडे पाहणे हे त्याच्यासाठी निसर्गदर्शन होते तसेच नकारही होता. शिवाय पाणी त्याच्या आयुष्यात केवळ दृश्य म्हणून उरलेले नव्हते. १८४३ मध्ये त्याची थोरली मुलगी लेओपोल्दीन पतीसह सेन नदीत बुडाली होती. १८५७ मध्ये शाईने काढलेल्या, प्रचंड उसळलेल्या लाटेच्या चित्राला त्याने 'माझे नशीब' असे नाव दिले, ते या संदर्भात विसरता येत नाही.

आता कादंबरीतील वादळाकडे वळू. जहाजावरील डॉक्टर सर्वांच्या आधी आकाशातील खूण ओळखतो. कप्तानाला त्याचे म्हणणे पूर्ण पटण्याआधीच बर्फ सुरू होतो. समुद्रातील घंटेचा आवाज येतो. जहाज कास्केट्सच्या खडकांवरून, ओर्टाकवरून आणि अखेर ऑल्डर्नीच्या किनाऱ्यावरून जेमतेम बचावते. प्रत्येक वेळी वाचकाला वाटते की आता सारे संपले, आणि प्रत्येक वेळी जहाज सुटते. मग वादळ अचानक थांबते. माणसे आनंदित होतात. त्याच क्षणी कळते की जहाजाच्या तळात पाणी शिरले आहे आणि ते उपसण्याचे कोणतेही साधन उरलेले नाही. ज्या माणसांना वादळाने मारले नाही त्यांना शांतता बुडवते.

ह्यूगोची कादंबरीकार म्हणून खरी शक्ती या उलथापालथीत आहे. बुडणाऱ्या जहाजावर डॉक्टर एक लिहिलेला कागद वाचून दाखवतो. टाकून दिलेल्या मुलावर आपण कोणता अन्याय केला, त्याचा तो कबुलीजबाब आहे. सर्वजण त्यावर सह्या करतात, कागद एका कुपीत बंद करून समुद्रात सोडला जातो आणि प्रार्थना करीत ती माणसे पाण्याखाली जातात. पंधरा वर्षांनी ती कुपी किनाऱ्याला लागते आणि ग्विनप्लेनचे कुलशील उघड होते. जहाज गेले, माणसे गेली, वादळही गेले. मागे राहिला तो कागद.

हे वादळ निरीक्षणातून जसेच्या तसे उतरलेले नाही, याचे पुरावे कादंबरीतच आहेत. कास्केट्सवर १६९० साली अग्निदीप जळताना ह्यूगो दाखवतो. प्रत्यक्षात तेथे पहिले दीपस्तंभ १७२४ मध्ये उभारले गेले. हिमवादळाचे कारण तो चुंबकीय शक्तीत शोधतो. आजचे हवामानशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. इतिहास आणि विज्ञान या दोन्ही बाजूंनी हा मजकूर सदोष आहे. तरीही पुढच्या क्षणी काय होईल ते न कळणे, ही वादळात सापडलेल्या माणसाची अवस्था त्यात अचूक उतरली आहे. ती अचूकता खिडकीतून दिसलेल्या लाटांनी दिली नाही. ती रचनेतून आली आहे, आणि रचना रोज सकाळी फळीपाशी उभे राहण्यातून.

येथवरचे विवेचन एका सोयीस्कर निष्कर्षाकडे जाऊ शकते : लेखकाने शिस्त पाळावी, म्हणजे कृती सिद्ध होते. विद्यार्थ्यांना असे सुभाषित देऊन थांबणे सोपे आहे. परंतु त्या खोलीतील शांतता आपोआप आलेली नव्हती. ह्यूगोच्या हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती करण्याचे काम जुलिएत द्रुए आणि मेहुणी ज्युली शने यांनी वर्षानुवर्षे केले. घराच्या खालच्या मजल्यांवर स्वयंपाक, पाहुणे, हिशेब यांचा संसार चालू होता म्हणून माथ्यावरच्या खोलीत सकाळ मोकळी राहत होती. धाकटी मुलगी आदेल बेटावरच्या एकाकीपणात घुसमटली. १८६३ मध्ये ती घर सोडून एका इंग्रज अधिकाऱ्याच्या मागे कॅनडातील हॅलिफॅक्सला गेली आणि पुढे तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. पत्नी आदेल हीदेखील बेटापासून दूर राहू लागली, आणि ज्या ऑगस्टमध्ये 'लोम की री' पूर्ण झाली त्याच ऑगस्टच्या अखेरीस ब्रुसेल्समध्ये वारली. नकार एका माणसाचा होता. वाट मात्र साऱ्या घराने पाहिली.

यामुळे कादंबरीचे मोल कमी होत नाही. मात्र ती वाचण्याची आपली रीत बदलायला हवी. 'प्रतिभेचे वादळ' म्हणताना त्या वादळामागची काचेची खोली, ठरलेले तास, पानाचा कोरा ठेवलेला डावा भाग आणि प्रती करणारे हात, हे सारे आपण नजरेआड करतो. स्वतः ह्यूगोने मात्र आपल्या कथेत कागदाचे ऋण मान्य केलेले दिसते. बुडणाऱ्या जहाजावर तो कोणाला शौर्य देत नाही, चमत्कारही देत नाही. तो त्यांना देतो मजकूर, सह्या आणि बूच घट्ट बसवण्यापुरता वेळ. १८८१ च्या आपल्या मृत्युपत्रात त्याने सारी हस्तलिखिते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या स्वाधीन करण्याची इच्छा नोंदवली, आणि ती आज तेथे जपलेली आहेत.